मस्कतहून एका दिवसात वादी शाबचा धबधबा पाहता येईल का? सोबत आई आहेत, त्यांना पोहता येत नाही.

ओमानमधली ही वादी, म्हणजे डोंगरातली नदीची घळ, एका दिवसात आरामात होते, पण आई धबधब्यापर्यंत जाऊ शकणार नाहीत. शेवटचा टप्पा पोहूनच पार करावा लागतो, दुसरी वाट नाही.

मस्कत-सूर हायवेने तिवी गावापर्यंत साधारण दीड तास लागतो. गाडी हायवेच्या पुलाखाली लावायची. स्वच्छतागृह तिथेच आहे, पुढे काही नाही. समोरच्या काठावर छोटी होडी सोडते, जाऊन-येऊन माणशी 1 रियाल. सुट्टे जवळ ठेवा आणि परतीची शेवटची होडी किती वाजता ते आधीच विचारून घ्या.

पुढे पाऊण तास चाल. सुरुवातीला खजूर आणि केळीच्या बागांतून सपाट वाट आहे. कडेने फलज वाहतो, आपल्याकडच्या पाटासारखा, फक्त कातळात कोरलेला. नंतर मोठमोठे धोंडे लागतात. पायांनी घासून गुळगुळीत झालेला तो चुनखडीचा दगड ओला झाला की भयंकर निसरडा होतो, म्हणून चपला नकोत. पकड असलेले, पाण्यात चालणारे बूट घाला, कारण पोहतानाही ते पायातच राहतात.

मग एकामागोमाग डोह. मधेमधे पाय टेकतात, मधेच तळ नाहीसा होतो. कच्चं पोहणाऱ्याने लाइफ जॅकेट घरूनच न्यावं. शेवटी कड्यात जेमतेम डोकं मावेल एवढी फट येते. तिच्यातून पोहत गेलात की आत गुहा, वरून उजेडाची तिरीप आणि धबधबा. बंद जागेची भीती असेल तर फटीपाशीच थांबा. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत हवा. वरून उड्या मारणारे दिसतील, पण पाण्याखालचे खडक दिसत नाहीत, तो मोह टाळा.

खरा धोका पुराचा. हे डोंगर उघडेबोडके, पाणी धरून ठेवायला माती नाही. लांब कुठेतरी पाऊस पडला की डोक्यावर ऊन असतानाही लोंढा येतो. पाणी गढूळ व्हायला लागलं किंवा घरघर ऐकू आली तर घळीच्या तोंडाकडे पळू नका, ताबडतोब बाजूच्या उंच जागी चढा. आदल्या दिवशी पावसाचा इशारा असेल तर बेत रद्दच करा.

आईंसाठी मी वादी बनी खालिद सुचवेन. मस्कतहून अडीच-तीन तास लागतात, पण पार्किंगपासून बांधीव वाटेने थोडंसं चाललं की झऱ्यांचं हिरवट-निळं पाणी. काठावर बसून पाय सोडता येतात (छोटे मासे तळव्यांना टोचायला येतात) आणि जेवायला हॉटेलही आहे. इथे धबधबा म्हणावा असा नाही, मात्र पाणी बारमाही आहे.

दोन्हीकडे शुक्रवार-शनिवार टाळा, तिकडची सुट्टी तेव्हा असते. नोव्हेंबर ते मार्च उत्तम. पोहताना टी-शर्ट आणि गुडघ्याखालपर्यंत कपडे घाला, शेजारी गाव आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात कोंबू नका. दोन दिवस असतील तर पहिल्या दिवशी शाब करून सूरला मुक्काम करा आणि दुसऱ्या सकाळी बनी खालिद गाठा.