आईला घेऊन पहिल्यांदा डोंगरावर जाताय तर म्हैसमाळच धरा

आईचे गुडघे दुखतात म्हणून डोंगर नको, असं ठरवून टाकू नका. म्हैसमाळ हे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातलं थंड हवेचं ठिकाण; खुलताबादपासून १२ किलोमीटर, आणि गाडी थेट पठारावर जाते. चढायचं काही उरतच नाही. गिरिजामातेचं दर्शन घ्या आणि कड्याच्या बाजूला सावकाश चालत निघा. खाली शेतांचे चौकोन, पलीकडे डोंगररांगा. आईंना तिथे निवांत बसू द्या, घाई करू नका.

श्रावण-भाद्रपदात पठार हिरवंगार असतं, तेरडा फुललेला असतो. पण ढग उतरले की दहा पावलांवरचंही दिसत नाही. अशा वेळी कड्याकडे जायचंच नाही, थांबायचं. वारा आला की धुकं हटतं आणि दरी एकदम उघडते. त्यासाठीच तर जायचं! काळ्या कातळावर शेवाळ धरतं, तिथे चप्पल अजिबात नको. बूट हवेत, आईंच्या हातात काठी हवी. रविवार टाळा, फार गर्दी होते.

पाणी आणि दशम्या घरूनच न्या. उतरताना वेरूळ करणार असाल तर मंगळवार सोडून जा, त्या दिवशी लेणी बंद असतात.