डिसेंबरात भारतात जाल, तेव्हा कुत्रा कुठे राहील?

"कुत्रा दत्तक मागितला, तर चार रेस्क्यूंनी (बेघर कुत्र्यांना घर शोधून देणाऱ्या संस्थांनी) नाही म्हटलं. आम्ही दोघं आयटीत, पगार उत्तम, घरात कोणाला व्यसन नाही, मुलगी दहा वर्षांची आणि समजूतदार. एवढ्या चौकशा तर मुलीच्या शाळेनंही केल्या नव्हत्या! सरळ ब्रीडरकडून, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याकडून, पिल्लू घ्यावं का?" अमेरिकेतल्या एडिसनच्या एका ताईंचं पत्र. भरलेला अर्जही त्यांनी सोबत जोडलाय, ते फार बरं केलं.

ताई, मन दुखावलं असणार. लेकीला चार वेळा "नाही" सांगायचं म्हणजे सोपं नाही. पण पगार आणि निर्व्यसनीपणा हा स्थळाच्या माहितीपत्रातला मजकूर झाला. अर्जात विचारलंय ते वेगळंच, आणि तिथे तुम्ही एकेका शब्दात सुटका करून घेतलीय.

"वर्षात किती दिवस बाहेर असता?" तुमचं उत्तर: "डिसेंबरमध्ये इंडिया, पाच आठवडे." "तेव्हा कुत्र्याला कोण सांभाळेल?" उत्तर: "फ्रेंड्स." अर्जाची तारीख ऑक्टोबरची! कुंपणाचं आणि भाड्याच्या घराचं दुःख तुम्ही दोन पानं लिहिलंत, पण माझ्या मते अर्ज अडला तो इथेच. आपल्याकडच्या बहुतेक अर्जांचं हेच होतं, हे मी पूर्वीही लिहिलंय आणि पुढेही लिहिणार.

बहुतेक रेस्क्यू स्वयंसेवकांवर चालतात. तोवर कुत्रा फॉस्टर, म्हणजे तात्पुरतं सांभाळणाऱ्या, कुटुंबात राहतो, आणि जमलं नाही तर करारानुसार तो त्यांच्याकडेच परत द्यावा लागतो, परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. तेव्हा जागा पुन्हा त्यांनाच शोधायची असते. शिवाय नव्या घरात कुत्रा पहिले तीन दिवस बावरलेला असतो, दिनक्रम कळायला साधारण तीन आठवडे आणि घर आपलं वाटायला तीन महिने लागतात. नोव्हेंबरात आणून डिसेंबरात परक्या घरी ठेवला, की तो पळून जाण्याचा नाहीतर चावण्याचा धोका वाढतो. म्हणून भारतातून परत आल्यावर, जेट लॅग उतरला की मगच अर्ज करा. पुढच्या डिसेंबरपर्यंत जवळजवळ वर्ष हाताशी राहतं.

आता "फ्रेंड्स"च्या जागी काय लिहायचं? सांभाळणाऱ्याचं नाव, फोन, त्यांच्या घरी आधीच प्राणी आहे का, आणि ते त्याच सुट्टीत भारतात जात नाहीत ना. हसू नका, आमच्या जाऊबाईंचे "फ्रेंड्स" त्यांच्याच विमानात होते. दुसरा पर्याय म्हणून बोर्डिंगचं, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे सांभाळणाऱ्या जागेचं, नाव द्या. रात्रीचे पन्नास डॉलर धरले तरी पस्तीस रात्रींचे साडेसतराशे होतात. "वार्षिक खर्च" या रकान्यात ते दाखवा. नाताळात बोर्डिंग लवकर भरतं, म्हणून उन्हाळ्यातच जागा राखायची. रेबीज, डीएचपीपी (डिस्टेंपर, पार्व्हो वगैरेंची एकत्र लस) आणि बोर्डेटेला (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) या लशींचे दाखले ते मागतात. बोर्डेटेला आदल्या दिवशी देऊन चालत नाही, निदान आठवडाभर आधी हवी. पाच आठवड्यांआधी एक रात्र, मग शनिवार-रविवार अशी सवय करा. व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे, लेखी संमती ठेवा: आमच्या गैरहजेरीत अमुक व्यक्ती निर्णय घेईल, इतक्या रकमेपर्यंत कार्डावर लावा. मायक्रोचिपच्या (कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या ओळखीच्या चिपच्या) नोंदीतही अमेरिकेतला दुसरा नंबर हवा. तुम्ही पुण्यात झोपलेले असाल तर तुमच्या नंबरचा काय उपयोग?

"बरोबरच नेऊ" असं सहज लिहू नका. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या यादीत भारत रेबीजचा जास्त धोका असलेला देश आहे. १ ऑगस्ट २०२४ पासून परतीचे नियम कडक झालेत: कुत्रा किमान सहा महिन्यांचा, मायक्रोचिप लावलेला, आणि लशीचे ठरलेले कागद. ते कागद भारतात गेल्यावर गोळा करू म्हणाल, तर परतीच्या वेळी कुत्रा अडकेल.

बाकीचं पटकन सांगते. कुंपण नाही, तर "नाही" लिहून थांबू नका: सकाळी कोण फिरवणार, दुपारी कोण, रात्री कोण, आणि फिरवताना पट्टा कायम बांधलेला. आणि हस्कीसारख्या धावऱ्या जातीऐवजी शांत, वयानं मोठा कुत्रा मागा. विजेचं अदृश्य कुंपण (हद्द ओलांडली की गळ्यातल्या पट्ट्यातून झटका देणारं) अनेक रेस्क्यू कुंपण म्हणून मोजतच नाहीत. घरमालकाच्या पत्रात पत्ता, किती प्राणी, वजनाची मर्यादा आणि डिपॉझिट हे सगळं हवं. संदर्भ म्हणून ज्यांची नावं देता त्यांना अनोळखी नंबर उचलायला सांगा. आपली माणसं उचलत नाहीत, आणि अर्ज तिथेच पडून राहतो. "काय खाऊ घालाल?" पुढे "घरचंच जेवण" असं चुकूनही नको. कांदा-लसूण कुत्र्याला विषारी, आणि सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे तर मूत्रपिंडं निकामी करू शकतात. प्रसाद मुलांच्या हातून खाली सांडतो, तेव्हा लक्ष ठेवा.

ब्रीडरचं म्हणाल तर तो अर्ज मागणार नाही कदाचित, पण डिसेंबर त्यालाही चुकवता येत नाही. त्यापेक्षा सरकारी शेल्टर, म्हणजे प्राण्यांचा निवारा, बघा; तिथे कागद सहसा कमी असतात. व्हिसाबद्दल विचारलं तर एवढंच लिहा, की कायमचे परत गेलो तर कुत्रा आमच्याबरोबर येईल. मनात तसं नसेल तर अर्जच करू नका.

सासूबाईंना देवघरात केस नकोत, हे तुम्ही शेवटी लिहिलंय. दाराला लहान मुलांसाठीचं फाटक लावा. चाळीसेक डॉलरचं काम आहे. घर बघायला रेस्क्यूवाले येतील, तेव्हा तेही दाखवा.