जाताना दहा तास, येताना नऊ?

प्रश्न : मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला लंडनला जाणार आहे. तिच्या तिकिटावर मुंबईहून दुपारी 1 वाजता निघून संध्याकाळी 6.20 ला पोहोचणार असं छापलंय, म्हणजे जेमतेम सव्वापाच तास. डिसेंबरातलं परतीचं विमान मात्र सकाळी 10 ला निघून रात्री 12.20 ला उतरतं. हे चौदा तास कसे? आणि अंतर नेमकं किती? (नाशिक)

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, त्यामुळे थेट वजाबाकी चुकते. लंडन हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. म्हणून जाताना 5 तास 20 मिनिटांत साडेचार तास मिळवा : 9 तास 50 मिनिटं. येताना 14 तास 20 मिनिटांतून साडेपाच वजा करा : 8 तास 50 मिनिटं. यात धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचा वेळही धरलेला असतो.

परतीच्या तिकिटावर वेळेपुढे बारीक अक्षरात ‘+1’ असेल, तो नीट पाहा. विमान 17 तारखेला निघालं तर मुंबईत 18 उजाडलेली असते. आणायला जाणारे हमखास इथेच फसतात आणि एक दिवस आधी किंवा नंतर विमानतळावर उभे राहतात.

उरलेला तासाभराचा फरक वाऱ्याचा. विमानं उडतात त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. विमानाचा हवेतला वेग ताशी 900 किमीच्या आसपास. समोरून सरासरी 50 किमीचा वारा असला तर जमिनीवर 850 पडतात, पाठीशी असला तर 950.

अंतर सरळ 7,210 किमी, म्हणजे 3,890 सागरी मैल. पण भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे उत्तर येणार नाही. नकाशावरची सरळ रेघ प्रत्यक्षात 7,400 किमीची भरते. 30 सेमी व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो साधारण 17 सेमी भरेल आणि वायव्येकडे कलत सिंध, कॅस्पियन, युक्रेन असा जाईल. दर सेंटिमीटरला 425 किमी धरा.

खरं विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमान कंपन्यांना आपल्या हद्दीतून जायला मनाई केली. तेव्हा एकाच दिवशी, एकाच मार्गावर, दोन कंपन्यांच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर ती छपाईची चूक समजू नका. वळशाच्या प्रत्येक 450 किमीला अर्धा तास धरला की हिशेब जुळतो.