चर्चमध्ये कृतज्ञता रुजवायची तर बरणी ठेवा, पण यादीपासून सांभाळा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि आमच्या पॅरिशमधलं, म्हणजे आमच्या चर्चच्या मंडळीतलं, एक अख्खं वर्ष डोळ्यांपुढे आलं. तुम्ही लिहिलंय की वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या एका वस्तीच्या, लहान ख्रिस्ती समुदायाची जबाबदारी तुमच्याकडे आली, पण बैठकीत प्रार्थना थोडी आणि कुरकुरच फार. म्हणून एक ‘कृतज्ञता महिना’ करायचा, बरणीत चिठ्ठ्या जमवायच्या आणि फेस्ताच्या (चर्चच्या वार्षिक सणाच्या) मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, त्या माइकवरून वाचायच्या, असा तुमचा बेत आहे. फादर हो म्हणाले, मंडळी मात्र थंड. आता पुढे काय करू, असं विचारलंय.

आधीच सांगते, मी धर्मशास्त्र शिकलेली नाही. सावंतवाडीकडची, लग्न होऊन गोव्यात बार्देशात आले, आणि इथल्या चर्चमध्ये फुलं, गायन, वाड्यावरची लदीन (गाऊन म्हणायची प्रार्थना) यांत बरीच वर्षं काढली. तुमची पॅरिश वेगळी असेल, तुमचे फादर वेगळे असतील. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधली रीत मला आतून माहीत नाही. तेव्हा पटेल तेवढंच घ्या.

प्रार्थना करा, वचन वाचा, स्वतःपासून सुरुवात करा, हे तुम्हाला सांगायला नको. मी थेट त्या एका गोष्टीवर येते, कारण तुमच्या बेतात ती तशीच लपलेली दिसतेय. फेस्ताच्या दिवशी माइकवरून वाचायची नावं.

आमच्याकडे फेस्ताच्या मिस्सेनंतर आभाराची यादी वाचली जायची. कुठल्या चर्चमध्ये आणि कुठल्या कार्यालयाने ती केली हे लिहिणार नाही, त्याचा उपयोगही नाही. यादी पावतीपुस्तकावरून उतरवलेली असायची. सगळ्यात वर फेस्ताकार, म्हणजे फेस्ताचे यजमान, मग मोठ्या देणग्या, मग स्मरणिकेतले जाहिरातदार, मग मंडप आणि बँड, आणि शेवटी ‘ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सर्वांचे आभार’. त्या शेवटच्या ओळीत आमच्या चर्चमधली निम्मी माणसं बसवलेली होती. वेदीवरची कापडं वर्षभर धुऊन, इस्त्री करून आणणारी एक बाई होती. खानापूरकडची, लोकांच्या घरची कामं करणारी. पितळेच्या मेणबत्तीदाण्या ती आणि तिची मुलगी चिंचेने घासायच्या. मुलीचा गळा गोड, आमच्या वाड्यावरच्या लदिनीनंतर मराठी गाणी तीच उचलायची. त्या वर्षी फेस्ताआधीच्या नोव्हेना प्रार्थनेचे नऊही दिवस दोघी पहाटे चर्चमध्ये होत्या. यादी वाचून झाली तेव्हा ती माझ्या शेजारीच उभी होती. ती काही बोलली नाही. पण पुढच्या महिन्यात कापडं दुसऱ्या कुणाच्या हातून आली, आणि मग माय-लेकी दोघीही दिसेनाशा झाल्या.

मी कार्यालयात गेले. माझं मागणं साधं होतं: पुढच्या रविवारी फक्त काम करणाऱ्यांची नावं वाचा, किंवा निदान छापायच्या अहवालात घाला. उत्तर मिळालं की पावती असेल त्यांचीच नावं घेता येतात, नाहीतर कुणाचं राहिलं म्हणून भांडणं होतात. मग सांगितलं लेखी द्या. लेखी दिलं. मग सांगितलं की विषय पुढच्या बैठकीत येईल. त्या बैठकीत पार्किंगचा विषय आला. पुढे समितीच बदलली, आणि नव्या लोकांनी सांगितलं की हे जुन्या समितीचं आहे. अहवाल तीच यादी घेऊन छापून आला. शेवटी मला एक पत्र मिळालं, ‘आपल्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे’. ताई, राग अजून गेलेला नाही, आणि तो लपवावा असंही मला वाटत नाही. पैशाला पावती असते, घासलेल्या पितळेला नसते, म्हणून देवाच्या घरात एका बाईचं नाव घ्यायचं राहतं, हे कुठल्याही नियमाने योग्य ठरत नाही. ते कुटुंब आम्ही गमावलं. वाड्यावरचं मराठी गायन त्यानंतर थांबलं ते थांबलंच.

यावर कुणीतरी तुम्हाला सांगेल की सेवा गुप्त असावी, उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये. मलाही सांगितलं. पण ते बायबलात मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं वचन देणाऱ्यासाठी आहे, घेणाऱ्याने गप्प बसावं म्हणून नाही. घेणाऱ्याने काय करावं ते प्रेषित पौलाने रोमकरांस पत्राच्या सोळाव्या अध्यायात दाखवलंय. तो अध्याय लोक नुसता नावांचा म्हणून वगळतात. मी तर म्हणेन की समुदायाच्या पहिल्या बैठकीत तोच वाचा. किंख्रियाच्या मंडळीची फिबी, पौलासाठी जीव धोक्यात घालणारे प्रिस्का आणि अक्विला, पुष्कळ कष्ट केलेली मरिया, त्रुफैना, त्रुफासा, पर्सिस. कुणी किती पैसे दिले ते कुठेही नाही, कुणी काय केलं ते आहे. पत्र लिहून घेणारा तर्तियससुद्धा मध्येच स्वतःचा सलाम पाठवतो, आणि त्याचं नाव दोन हजार वर्षं टिकलंय. आपल्याकडचा लिहून घेणारा म्हणजे बैठकीची वही सांभाळणारी मुलगी. तिचं नाव कोण घेतं?

म्हणून माझं मत, चुकीचं वाटलं तर सोडून द्या: चिठ्ठ्या फेस्ताला वाचू नका. बरणी ठेवा, पण चिठ्ठी ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात पोचवा. चिठ्ठीत एकच माणूस आणि एकच काम असू दे. ‘समुदायाला धन्यवाद’ असली चिठ्ठी लिहू देऊ नका. ‘माझी आई हॉस्पिटलात होती तेव्हा तुम्ही रोज पेज आणून दिलीत’ असं लिहू दे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी शाळकरी पोरांना बसवा, ती हौसेने लिहितात. आणि कोकणी वडीलधाऱ्यांना तोंडानेच सांगा, घरी जाऊन, ‘देव बरें करूं’ म्हणून. त्यांना कागदापेक्षा तुम्ही दारात आलात याचं मोल जास्त आहे. महिन्याच्या शेवटी कुणाच्या नावाची एकही चिठ्ठी बरणीत आली नाही ते बघून घ्या, आणि त्यांच्याकडे स्वतः जा. हे काम दुसऱ्यावर सोपवू नका.

कुरकुरीबद्दल. ती बंद पाडून कृतज्ञता येत नाही. ‘सर्व स्थितीत उपकारस्तुती करा’ हे थेस्सलनीकाकरांस पत्रातलं वचन मी अनेकदा लोकांची तोंडं मिटवायला वापरलेलं पाहिलंय. ज्याचं बोटीवरचं काम सुटलंय, ज्याचा मुलगा कुवेतला अडकलाय, त्याला हे ऐकवून काय होणार? त्याच अध्यायात चार वचनं आधी पौल खचलेल्यांना धीर द्यायला आणि अशक्तांना आधार द्यायला सांगतो. क्रम तो आहे. तेरावं स्तोत्र बघा, सहाच वचनं. सुरुवातच देवाला जाब विचारून होते, की तू मला कुठवर विसरणार, आणि शेवटी गाणं येतं. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, तरी ते प्रार्थनेत आहे. आम्ही बैठकीची सुरुवातीची थोडी वेळ तक्रारीलाच द्यायला लागलो. फक्त अट एक: माणसाबद्दल त्याच्या पाठीमागे नाही, देवासमोर आणि स्वतःच्या दुःखाबद्दल. त्यानंतर लोक आपण होऊन आभार मानू लागले. सगळे नाही. काहींची कुरकुर तशीच आहे, त्यांनाही चहा द्या.

आणि दहा कुष्ठरोग्यांचा उतारा, लूकच्या सतराव्या अध्यायातला, प्रवचनात घ्यायला फादरना सांगणार असाल तर एक विनंती. दहाही बरे झाले, आभार मानायला एकच परत आला, पण बाकीचे नऊ आले नाहीत यावरच सगळा भर नको. परत आलेला एक शोमरोनी होता, परका. आपल्या चर्चमध्ये परके कोण? बेळगाव, खानापूर, सिंधुदुर्गाकडून पोटासाठी आलेली माणसं, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, कोकणी मिस्सेला मागच्या बाकावर बसणारी. त्यांनी गोव्याचे उपकार मानावेत असं बोललं जातं. मानतातच. पण या चर्चनेही त्यांचे मानायला हवेत.

तुमच्या फेस्तापेक्षा या कामाला मला कणसांचं फेस्त जास्त योग्य वाटतं. ते ऑगस्टमध्ये असतं, राय गावात 5 तारखेला, ताळगावला 21 तारखेला, इतर गावांचे आपापले दिवस. नवी कणसं शेतात आशीर्वादित होतात, मिरवणुकीने चर्चमध्ये येतात आणि घरोघर वाटली जातात. तिथे पावतीपुस्तक नसतं, कणीस श्रीमंताला आणि भाडेकरूला सारखंच मिळतं. आता बऱ्याच ठिकाणी शेतं पडीक आहेत, भाताच्या लावणीला बाहेरची माणसं येतात. ज्यांनी रोपं लावली त्यांना त्या दिवशी चर्चमध्ये बोलवा, ख्रिस्ती नसले तरी. कोन्फ्रारियाचे (चर्चच्या जुन्या बंधुसंघाचे) सदस्य ओपा-मुर्सा हे झगे घालून पुढे चालतातच, त्यांच्याबरोबर या माणसांनाही चालू दे. हे मी आमच्याकडे सुचवून पाहिलंय, वडीलधाऱ्यांना चटकन पटलं. तरुणांना पटायला वेळ लागला, कारण त्यांना व्हिडिओची काळजी.

घरच्यासाठी एक सुचवते, विचारलं नाहीत तरी. संत इग्नेशियस लोयोला यांनी दिवसाच्या शेवटी मन तपासायची जी रीत घालून दिली, तिची पहिली पायरी पापं शोधणं ही नाही, दिवसभरात मिळालेल्या उपकारांची आठवण ही आहे. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्यात आहेत ते फ्रान्सिस झेवियर त्यांचेच सोबती, 1542 च्या मे महिन्यात इथे आले. तुमच्या समुदायात हे शिकवायचं तर पोरांपासून सुरू करा. मुलांना रात्री फक्त एवढंच विचारा, ‘आज कुणी तुझ्यासाठी काय केलं?’ पहिले काही दिवस ‘काही नाही’ म्हणतील. विचारत राहा.

कार्यालयाशी मात्र वाद घालण्यात माझ्यासारखं वर्ष घालवू नका. यादी त्यांची, ती बदलणार नाही. फादर तुमच्या बाजूचे आहेत तर त्यांच्याकडून 31 डिसेंबरच्या संध्याकाळच्या ‘ते देउम’ या आभाराच्या स्तोत्राच्या आधी थोडा वेळ मागून घ्या, आणि त्यात काम करणाऱ्यांची नावं कामासकट येऊ देत: घंटा वाजवणारा, कापडं धुणारी, सिमिटरीतलं गवत काढणारा, आजाऱ्यांना घरी कम्युनियन (पवित्र भाकर) पोचवणारे. नावं तुम्ही एकटीने काढू नका, प्रत्येक वाड्यातून दोघांना विचारा आणि आदल्या रविवारी यादी दारावर लावा, म्हणजे राहिलेलं नाव कुणीही पेनाने लिहू शकेल. फादरना हे ॲडव्हेंट, म्हणजे नाताळच्या तयारीचा काळ, सुरू व्हायच्या आधीच विचारा, एकदा नाताळचे गोठे आणि कॅरोलची धावपळ लागली की कुणाला ऐकायला वेळ नसतो.