क्यूब्स ओएसमध्ये (कामं वेगवेगळ्या आभासी संगणकांत, म्हणजे 'क्यूब'मध्ये, ठेवणारी ऑपरेटिंग सिस्टम) बिघडलेलं डेबियन टेम्प्लेट (रोजच्या कामाचे 'ॲप क्यूब' ज्यावरून चालतात तो डेबियन लिनक्सचा साचा) पुन्हा टाकलं तर ॲप क्यूबमधल्या फायली जातील का?

नाही जाणार. ॲप क्यूबचं होम फोल्डर त्याच्या स्वतःच्या खासगी व्हॉल्यूममध्ये (वेगळ्या साठवणीत) असतं, टेम्प्लेटमधून येते ती फक्त रूट फाइलसिस्टम, म्हणजे सिस्टम आणि प्रोग्रॅमच्या फायली. पुसलं जातं ते टेम्प्लेटमध्ये तुम्ही स्वतः केलेलं सगळं: टाकलेली पॅकेजेस, ईटीसीमधले (सिस्टमच्या सेटिंग्जच्या फोल्डरमधले) बदल, टेम्प्लेटचं स्वतःचं होमसुद्धा. म्हणून आधी टेम्प्लेटचा क्लोन (हुबेहूब प्रत) करून ठेवाच, ही पायरी अजिबात गाळू नका. टेम्प्लेट सुरू होत असेल तर 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल' चालवून पॅकेजेसची यादीही काढून घ्या, नंतर फार उपयोगी पडते.

मग टेम्प्लेट बंद करा आणि डॉम-झीरोच्या (सगळे क्यूब सांभाळणाऱ्या मुख्य भागाच्या) टर्मिनलमध्ये 'क्यूव्हीएम-टेम्प्लेट रीइन्स्टॉल' लिहून पुढे टेम्प्लेटचं नाव द्या (क्यूब्सच्या आवृत्ती ४.१ पासून हीच कमांड). झाल्यावर टेम्प्लेट अपडेट करा. जे ॲप क्यूब चालू असतील ते बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय त्यांना नवं टेम्प्लेट दिसणार नाही.