शेततळ्यात फक्त रोहूलाच उवा का लागतात?

प्रश्न : प्लॅस्टिक अस्तराच्या शेततळ्यात रोहू, कटला व मृगळ एकत्र सोडले आहेत. रोहूच्या अंगावर चपट्या उवा दिसतात आणि मासे अस्तरावर अंग घासतात. मृगळ मात्र चांगला आहे. रोहू काढून टाकावा का? ट्राउट या थंड पाण्यातील माशात रोगप्रतिकारक वाण आहे असे ऐकले, तसा रोहू मिळतो का?

उत्तर : तुमचे निरीक्षण बरोबर आहे. ही ऊ म्हणजे आरग्युलस हा परजीवी असून आपल्या तीन प्रमुख कार्प जातींपैकी रोहू त्याला सर्वांत लवकर बळी पडतो. तथापि मृगळावर उवा दिसत नाहीत म्हणून तळे उवामुक्त आहे, असे समजू नये. कमी बळी पडणाऱ्या जातीच्या अंगावरही थोड्या उवा टिकून राहू शकतात.

ट्राउटमधील उदाहरण येथे उपयोगी आहे. मायक्सोबोलस सेरेब्रॅलिस या परजीवीमुळे रेनबो ट्राउटच्या पिलांची कूर्चा (मऊ हाड) पोखरली जाते, शेपटी काळी पडते आणि पिले गरगर फिरतात. ब्राऊन ट्राउट मात्र त्याच पाण्यात बहुधा लक्षणांविना परजीवी बाळगतो. ब्राऊन ट्राउट मूळचा युरोपचा, हा परजीवीही तिथलाच, तर रेनबो ट्राउट एकोणिसाव्या शतकात उत्तर अमेरिकेतून युरोपात नेलेला. पुढे जर्मनीत या परजीवीच्या सहवासात अनेक पिढ्या वाढलेल्या रेनबो ट्राउटचा ‘होफर’ हा प्रतिकारक्षम वाण आढळला. तुम्ही ऐकले ते बहुधा याच वाणाविषयी असावे. पण त्याची ख्याती या एका रोगापुरती आहे, सर्व परजीवींसाठी नाही. आपल्याकडील ‘जयंती’ रोहू भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने जलद वाढीसाठी निवडलेला आहे, उवांच्या प्रतिकारासाठी नव्हे. विक्रेत्याने तसे सांगितले तरी त्या आशेवर बीज घेऊ नये.

रोहू वगळण्याचा सल्ला मी देणार नाही. रोहूला बाजारभाव आहे, तो पाण्याच्या मधल्या थरातील खाद्य वापरतो, आणि कटल्याची संख्या वाढवली तर त्याच्या कल्ल्यांवर पांढऱ्या गाठी आणणारे परजीवी पुढे येऊ शकतात. एका संकटातून सुटून दुसऱ्यात सापडण्यापेक्षा उवांचे जीवनचक्र तोडणे स्वस्त पडते.

ट्राउटच्या त्या परजीवीला मध्ये ट्युबिफेक्स नावाचा गाळातला किडा लागतो, म्हणून तेथे सिमेंटची टाकी व गाळमुक्ती यांचा मोठा उपयोग होतो. उवेला असा मधला यजमान, म्हणजे परजीवी ज्याच्या अंगात वाढतो तो दुसरा जीव, लागत नाही. उवेची मादी माशाचे अंग सोडून दगड, काठ्या, भिंती अशा कडक पृष्ठभागावर अंडी घालते, त्यामुळे प्लॅस्टिकचे अस्तरही तिला चालते. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या सोडाव्यात, दर आठवड्याला बाहेर काढून कडक उन्हात पूर्ण वाळवाव्यात आणि मगच पुन्हा सोडाव्यात. मासे काढल्यानंतर तळे रिकामे करून अस्तर घासावे व वाळू द्यावे. एका तळ्यातील जाळे न वाळवता दुसऱ्यात टाकू नये, आणि नवी बोटुकली (बोटाएवढी पिले) भिंगाखाली तपासूनच सोडावी.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन यांसारखी औषधे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ओतू नयेत. ती माशांना व कोळंबीला घातक ठरू शकतात, त्यांनी प्राणीप्लवंग (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) हेही मरतात, आणि त्याच तळ्याचे पाणी जनावरे पीत असतील तर धोका वाढतो. मात्रा तळ्यातील पाण्याच्या घनफळावरून मत्स्य अधिकाऱ्याकडूनच ठरवून घ्यावी. औषधाने अंडी मरत नाहीत, म्हणून पिले बाहेर येण्याच्या बेताने, साधारण दोन आठवड्यांनी दुसरी फेरी घ्यावी लागते. ती कधी घ्यायची हेही त्याच वेळी विचारून ठेवावे.