जुनी पिकअप दमट हवेत मिसिंग करते, कधी सुरूच होत नाही. डिस्ट्रिब्युटर बदलावा का?

लगेच अख्खा डिस्ट्रिब्युटर (प्लगांना पाळीपाळीने करंट वाटणारा भाग) बदलू नका. त्रास फक्त दमट हवेतच होतोय, म्हणजे पहिला संशय कॅपवर, म्हणजे त्याच्या झाकणावर. ती काढून कोरड्या फडक्याने पुसा आणि उजेडात आतून नीट बघा. दोन टर्मिनलच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसली, तर करंट तिथूनच पळतोय. ती घासत बसू नका, कॅप आणि रोटर (तिच्या आत फिरणारा तुकडा) दोन्ही नवीन टाका. वायर एकेक करूनच नव्या कॅपवर लावा, म्हणजे फायरिंग ऑर्डर (प्लगांचा ठिणगीचा क्रम) चुकणार नाही.

प्लग वायरही तपासा. अंधारात इंजिन चालू ठेवलं की चिरलेल्या वायरवर निळी ठिणगी दिसते. हात मात्र लांब ठेवा!

पॉइंटवाली सिस्टीम असेल (पॉइंट म्हणजे उघडझाप करून करंट तोडणारे संपर्क) आणि पॉइंट जळाले असतील, तर त्यांच्यावरची ठिणगी कमी करणारा कंडेन्सरही सोबत बदला. पॉइंटचा गॅप बऱ्याच इंजिनांत 0.4 मिमीच्या आसपास असतो, तरी मॅन्युअलमधलाच आकडा धरा. गॅप बदलला की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) सरकतं, त्यामुळे नंतर टायमिंग लाइट लावून ते तपासायचंच. हेच बहुतेक जण विसरतात.

डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट आडवा हलवून प्ले (ढिलेपणा) जाणवला, तर बुश (शाफ्टला धरणाऱ्या रिंगा) गेलेत. मग डिस्ट्रिब्युटर उतरवावाच लागेल.